एक्स्चेंजवरचं नाणं कोणाच्या हातात असतं? सांभाळण्याची पायरी-पायरीने वाट

क्रिप्टो नाण्यांची खरेदी-विक्री जिथे होते त्या एक्स्चेंजच्या ॲपमध्ये दिसणारा आकडा म्हणजे नाणी नव्हेत. क्रिप्टोबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळ्यात आधी सांगतो, कारण पुढची प्रत्येक काळजी यातूनच निघते. तुम्ही एक्स्चेंजवर बिटकॉइन जमा केलं की ते कंपनीच्या वॉलेटमध्ये जातं आणि कंपनीच्या डेटाबेसात तुमच्या नावापुढे एक नोंद पडते. त्यानंतर तुम्ही तिथे दिवसभर खरेदी-विक्री केलीत तरी ब्लॉकचेनवर, म्हणजे नाण्यांच्या सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक नोंदवहीत, काहीच हलत नाही, फक्त कंपनीच्या वहीतल्या नोंदी बदलतात. तुमच्याकडे उरतं ते एक येणं. कंपनी तुमचं तेवढं देणं लागते. देणेकरी लुटला गेला, बुडाला किंवा मुळात खोटाच निघाला, तर ते येणं कागदावर राहतं.

डिजिटल पैशाबद्दल लोकांशी बोललं की दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो, सगळी लबाडी आहे, हात लावू नका. दुसरा म्हणतो, बँकेच्या ॲपसारखंच तर आहे, पासवर्ड आहे, ओटीपी आहे, भ्यायचं काय? मला काळजी वाटते ती दुसऱ्याची, कारण तो बँकेच्या सवयी घेऊन अशा जागी जातो जिथे बँकेचं संरक्षण नसतं. पण पहिल्याचाही एक तोटा आहे. त्याच्या घरात कोणी फसलं, तर ते माणूस शरमेने त्याला सांगतच नाही, आणि मदतीची पहिली वेळ निघून जाते.

हे कोणाचं देणं आहे?

डिजिटल पैसा म्हणून जे जे समोर येतं त्याला हा एकच प्रश्न विचारा, बराचसा गोंधळ मिटतो. बँक खात्यातली रक्कम हे बँकेचं देणं, आणि अनेक देशांत ठरावीक मर्यादेपर्यंत त्यावर ठेव विमा असतो. केंद्रीय बँकेने काढलेलं डिजिटल चलन, उदाहरणार्थ बहामाजने ऑक्टोबर २०२० मध्ये आणलेला सँड डॉलर, हे त्या केंद्रीय बँकेचं देणं. स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरसारख्या चलनाच्या भावाला बांधलेलं नाणं, हे बहुतेक वेळा ते काढणाऱ्या कंपनीचं देणं. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी या स्टेबलकॉइनच्या गंगाजळीतले ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकले होते. एक डॉलरला बांधलेलं ते नाणं काही काळ ९० सेंटच्याही खाली गेलं आणि ठेवी मिळणार हे जाहीर झाल्यावरच सावरलं.

तुमच्या स्वतःच्या वॉलेटमधलं बिटकॉइन मात्र कोणाचंच देणं नसतं. ज्याच्याकडे किल्ली, त्याचं नाणं. किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी गुप्त संख्या, जिच्या जोरावर व्यवहारावर सही होते. किल्ली गेली तर दाद मागायला कोणी नाही, आणि किल्ली सुरक्षित असेल तर कोणतीही कंपनी बुडाली तरी तुमचं काही जात नाही. तेच बिटकॉइन एक्स्चेंजवर ठेवलं की ते पुन्हा कंपनीचं देणं होतं, आणि बहुतेक ठिकाणी त्यावर ठेव विमा नसतो.

पैसे आजवर कसे गेले

सुरक्षिततेच्या सेटिंगकडे वळण्याआधी हे बघायला हवं, नाहीतर आपण भलत्याच दाराला कुलूप लावून बसतो.

टोकियोतल्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०१४ मध्ये पैसे काढणं बंद केलं आणि त्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे ८,५०,००० बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं. त्यातले सुमारे २,००,००० नंतर एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेकमधून ५२ कोटींहून अधिक एनईएम नाणी गेली. ती सगळी हॉट वॉलेटमध्ये, म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेल्या वॉलेटमध्ये होती. इतकी रक्कम तिथे असण्याचं काही कारणच नव्हतं. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्समधून १,१९,७५६ बिटकॉइन चोरीला गेले, आणि कंपनीने तोटा सगळ्या ग्राहकांत वाटला: प्रत्येकाच्या शिलकीतून सुमारे ३६ टक्के कापले, ज्यांच्या नाण्यांना चोराचा हातही लागला नव्हता त्यांच्याही. बदल्यात दिलेली टोकनं कंपनीने पुढच्या वर्षी सोडवून घेतली हे खरं. पण त्या सकाळी ॲप उघडणाऱ्याला कळलं की ‘माझं खातं’ असं काही वेगळं नसतं.

काही ठिकाणी चोर बाहेरून आलाच नाही. कॅनडातल्या क्वाड्रिगा या एक्स्चेंजने २०१९ च्या सुरुवातीला जाहीर केलं की संस्थापकाचं निधन झालं असून किल्ल्या फक्त त्याच्याकडे होत्या. तपासात कोल्ड वॉलेट, म्हणजे इंटरनेटपासून तोडून ठेवलेली वॉलेट, बऱ्याच आधीपासून रिकामी आढळली, आणि २०२० मध्ये ओंटारिओच्या बाजार नियामकाने याला फसवणूक म्हटलं. एफटीएक्स हे एक्स्चेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळलं ते ग्राहकांचा पैसा अलामेडा या भावंड कंपनीकडे वळवल्यामुळे. संस्थापकाला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. ग्राहकांचे दावे मोजले गेले ते दिवाळखोरीच्या दिवशीच्या भावाने, डॉलरमध्ये. भाव पुढे कितीतरी पट चढला, पण ज्याचं एक बिटकॉइन तिथे होतं त्याला एक बिटकॉइन परत मिळालं नाही. येणं आणि नाणं यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार?

२१ फेब्रुवारी २०२५ ची बायबिटची चोरी मात्र नीट समजून घ्या, ती आपल्यालाही लागू पडते. सुमारे ४ लाख इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं नाणं), जवळपास दीड अब्ज डॉलर, एका कोल्ड वॉलेटमधून गेले. सही एकट्या माणसाची नव्हती. अनेकांनी मिळून मंजूर करायची पद्धत होती. पण ज्या वॉलेट-सॉफ्टवेअरमधून सह्या व्हायच्या त्याच्या एका डेव्हलपरचा संगणक चोरांनी ताब्यात घेतला आणि स्क्रीनवर दिसणारा मजकूरच बदलला. सही करणाऱ्यांना नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि हातातलं उपकरण प्रत्यक्षात वेगळ्याच गोष्टीवर सही करत होतं. एफबीआयने यामागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं जाहीर केलं. तेव्हा, स्क्रीनवर जे दिसतं आणि ज्यावर सही होते ते एकच आहे की नाही, हा प्रश्न कोट्यधीश कंपनीइतकाच तुमच्या-माझ्या व्यवहारालाही आहे. वॉलेटच्या पायरीवर तो पुन्हा येईल.

पायरी पहिली: एक्स्चेंज निवडताना

जाहिरात, ॲपचा देखणेपणा आणि बक्षिसाचा कोड बाजूला ठेवा. कंपनी कुठल्या देशात नोंदली आहे आणि तिथल्या नियामकाच्या यादीत तिचं नाव आहे का, हे नियामकाच्याच संकेतस्थळावर पाहा. एक्स्चेंजच्या पानावर चिकटवलेलं मानचिन्ह पुरावा नाही.

‘प्रूफ ऑफ रिझर्व्ह्ज’ हा शब्द एफटीएक्सनंतर सगळीकडे दिसू लागला. यात एक्स्चेंज दाखवतं की अमुक वॉलेटमध्ये अमुक नाणी आहेत. पण नुसती जमा बाजू बघून काय कळणार? देणी किती, हेही दाखवायला हवं. त्यासाठी सगळ्या ग्राहकांच्या शिलका मर्कल ट्री नावाच्या रचनेत बांधतात आणि तुमची शिलक त्या झाडात मोजली गेली की नाही, हे तुम्हाला तपासता येतं. ही सोय असेल तर खरंच वापरा. त्या झाडातलं आपापलं पान तपासणारे ग्राहक जितके जास्त, तितकं काही शिलका लपवणं कठीण. तरीही हा एका दिवसाचा फोटो असतो. आदल्या दिवशी उसनी आणलेली नाणी त्यात छान दिसतात आणि कंपनीने बाहेर काढलेलं कर्ज त्यात दिसत नाही.

अटी-शर्तींतलं मालकीचं कलम वाचा. कंटाळा येतो, पण एवढं एक कलम वाचाच. सेल्सियस या व्याज देणाऱ्या क्रिप्टो कंपनीच्या दिवाळखोरीत जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ‘अर्न’ खात्यांतली नाणी ग्राहकांची नसून कंपनीच्या मालमत्तेचा भाग आहेत, कारण अटींमध्ये तसंच लिहिलं होतं आणि ग्राहकांनी त्या मान्य केल्या होत्या. एक्स्चेंजवर ‘नाणी ठेवा, व्याज मिळवा’ असं बटण दिसलं की समजा, नाणी आता पुढे कोणालातरी उसनी जाणार आहेत.

आणि खातं उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात थोडी रक्कम जमा करून ती बाहेर काढून बघा. आत घेताना सगळेच तत्पर असतात. काढताना किती वेळ लागतो, किती शुल्क कापतात, कोणती नवी कागदपत्रं अचानक मागतात, यावरून कंपनी कळते. ‘आधी कर भरा, मग पैसे सोडतो’ असं कोणी म्हणालं तर ते एक्स्चेंज नाहीच. तिथे आणखी एक पैसाही भरू नका.

पायरी दुसरी: ईमेल

लोक एक्स्चेंजच्या पासवर्डची काळजी घेतात आणि ईमेल उघडं टाकतात. पण पासवर्ड विसरलात तर नवा करायची लिंक येते कुठे? ज्याच्या हातात ईमेल, त्याच्या हातात खातं.

एक्स्चेंजसाठी वेगळा ईमेल पत्ता काढा. तो कुठल्याही खरेदीच्या किंवा गप्पांच्या साइटवर देऊ नका. कुठूनतरी फुटलेल्या याद्यांमध्ये तो नसेल, तर त्यावर आलेलं ‘तुमचं खातं बंद होत आहे’ हे पत्र तुम्हाला आपोआप संशयास्पद वाटेल. पासवर्ड दोन्हीकडे लांब आणि वेगवेगळे असू देत, आणि ते पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. मॅनेजरचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही: नकली साइटवर तो पासवर्ड आपणहून भरत नाही, कारण पत्ता जुळत नाही. रोज भरणारा मॅनेजर आज गप्प का, असं वाटलं की हात थांबवा आणि पत्त्याची पट्टी नीट वाचा.

पायरी तिसरी: दुसरं कुलूप

माझ्या एका मित्राच्या फोनची रेंज एका संध्याकाळी गेली. टॉवर बंद असेल म्हणून त्याने लक्ष दिलं नाही, जेवून झोपला. त्याचा नंबर तोवर दुसऱ्याच कोणाच्या सिमवर चालू झाला होता. कोणीतरी त्याच्या नावाने ‘सिम हरवलं’ म्हणून नवं घेतलं होतं. सकाळी वाय-फायवर फोन जोडला तेव्हा ईमेलमध्ये रात्रीच्या तीन सूचना होत्या: पासवर्ड बदलला, नव्या उपकरणावरून लॉगिन झालं, पैसे काढण्याची विनंती पूर्ण झाली. तिसरी सूचना वाचताना त्याचा चेहरा कसा झाला असेल, हे मला अजून जाणवतं. याला सिम स्वॅप म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचं, एसईसीचं, एक्सवरचं खातं याच पद्धतीने ताब्यात घेऊन बिटकॉइन ईटीएफला (शेअर बाजारात विकत घेता येणाऱ्या बिटकॉइनवरच्या फंडाला) मंजुरी मिळाल्याची खोटी पोस्ट टाकली गेली. पासवर्डनंतर लागणारं दुसरं कुलूप त्या खात्यावरून त्या वेळी काढून ठेवलेलं होतं.

म्हणून एसएमएसचा ओटीपी हे शेवटचं साधन समजा. त्याहून बरं ऑथेंटिकेटर ॲप. ते दर ३० सेकंदांनी नवा कोड तुमच्या फोनवरच तयार करतं, सिमशी त्याचा संबंध नसतो. सुरू करताना क्यूआर कोडबरोबर मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरवा. फोन बदलताना याच कागदावाचून लोक स्वतःच्या खात्याबाहेर अडकतात. मात्र नकली साइटवर तुम्ही कोड टाइप केलात तर चोर तोच कोड त्याच अर्ध्या मिनिटात खऱ्या साइटवर वापरतो. इथे ऑथेंटिकेटर अपुरं पडतं.

सगळ्यात पक्कं म्हणजे पासकी (फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीसारखी हार्डवेअर सिक्युरिटी की. ती साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते. नकली साइट कितीही हुबेहूब असली तरी की तिला उत्तरच देत नाही. रक्कम मोठी असेल तर अशा दोन की घ्या, एक रोजची, एक दूर सुरक्षित ठेवलेली. आणि हे सगळं ईमेलवरही लावा, नुसतं एक्स्चेंजवर लावून उपयोग नाही. मोबाइल कंपनीकडे सिम बदलण्यावर पिन किंवा लॉक लावायची सोय असेल तर तीही मागून घ्या.

पायरी चौथी: दहा मिनिटांच्या सेटिंग

पैसे काढण्याच्या पत्त्यांची व्हाइटलिस्ट चालू करा: तुम्ही आधी नोंदवलेल्या वॉलेट-पत्त्यांवरच नाणी जातील. नवा पत्ता टाकला तर २४ तास किंवा जास्त थांबायची अट ठेवा. माझ्या मित्राच्या खात्यावर ही एक सेटिंग असती, तर सकाळी त्याच्या हातात वेळ उरला असता. अँटी-फिशिंग कोड असेल तर लावा. एक्स्चेंजच्या खऱ्या पत्रात तुम्ही ठरवलेला शब्द येतो. ट्रेडिंगच्या सॉफ्टवेअरसाठी एपीआय की (त्या सॉफ्टवेअरला तुमचं खातं वापरू देणारा गुप्त कोड) काढत असाल तर तिला पैसे काढायचा अधिकार देऊ नका, आणि वापर संपला की ती की पुसून टाका. जुनी लॉगिन असलेली उपकरणं अधूनमधून काढत जा.

पायरी पाचवी: फोन वाजतो तेव्हा

चोराला आता तुमचा संगणक फोडायची फारशी गरज राहिलेली नाही. तो तुम्हालाच दार उघडायला लावतो. मे २०२५ मध्ये कॉइनबेस या एक्स्चेंजने जाहीर केलं की ग्राहक-सेवेतल्या काही परदेशी कर्मचाऱ्यांना लाच देऊन चोरांनी ग्राहकांची माहिती मिळवली आणि वर २ कोटी डॉलरची खंडणी मागितली. कंपनीने ती नाकारली. पासवर्ड किंवा किल्ल्या गेल्या नव्हत्या, पण नावं, पत्ते, ओळखपत्रांच्या प्रती आणि शिलकेचे तपशील गेले. अशी माहिती हातात असलेला माणूस फोन करतो तेव्हा तो तुमचं नाव अचूक घेतो आणि शिलक सांगतो.

असा फोन मला एकदा आला होता. आवाज शांत, शब्द अदबीचे. “सर, तुमच्या खात्यावर दुसऱ्या देशातून लॉगिनचा प्रयत्न झालाय, आम्ही तो थांबवलाय.” पाठोपाठ एसएमएसही आला, जुन्या खऱ्या संदेशांच्याच रांगेत. मग, “तुमची रक्कम वाचवायला आपण ती एका सुरक्षित वॉलेटमध्ये हलवू या, मी सगळं फोनवर करून देतो.” मी म्हणालो, तुम्ही ठेवा, मी ॲपमधून संपर्क करतो. तेवढ्याने आवाज बदलला: “सर, वीस मिनिटांत पैसे जातील, मग आमची जबाबदारी नाही.”

घाई, भीती आणि नाणी ‘हलवण्याची’ सूचना या तिन्ही एकत्र आल्या की फोन ठेवा, समोरच्याला काहीही माहीत असू दे. एक्स्चेंज तुम्हाला ओटीपी विचारत नाही, सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट उघडणारे गुप्त शब्द, विचारत नाही, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगत नाही आणि नाणी दुसऱ्या वॉलेटवर पाठवायला तर कधीच सांगत नाही. घरातल्या वयस्करांना हे सांगताना यादी पाठ करायला लावू नका. त्यांना इतकंच सांगा की पैशाचा फोन आला तर ठेवून मला लावा, आणि तुम्ही ठेवलात म्हणून कोणी रागावणार नाही.

पायरी सहावी: स्वतःच्या वॉलेटमध्ये नेताना

लवकर विकणार नसाल आणि गेल्यास जीवाला लागेल इतकी रक्कम असेल, तर ती हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणाऱ्या छोट्या उपकरणात, न्या. उपकरण कंपनीकडून थेट घ्या. डब्यात आधीच शब्द छापलेलं कार्ड निघालं तर ते वापरू नका: ते शब्द दुसऱ्या कोणालातरी माहीत आहेत.

सुरू केल्यावर उपकरण १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवतं. हीच सीड फ्रेज, आणि तीच तुमची सगळी नाणी. शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात, आणि यादी अशी बांधली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. कागदावर, स्वच्छ अक्षरात, क्रमांकासह लिहा. फोटो काढू नका, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवू नका, क्लाउडवर नको, प्रिंटरवरही नको.

आता जी पायरी बहुतेक जण गाळतात ती: रक्कम पाठवण्याआधी उपकरणातली सगळी माहिती पुसून टाका आणि कागदावरून पुन्हा चालू करा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा उपकरणाने फ्रेज नाकारली. कागद तीनदा वाचला, काही चूक दिसेना. शेवटी सातव्या शब्दावर बोट थांबलं. मी ‘वुड’ म्हणून वाचत होतो तो शब्द लिहिताना ‘वूल’ होता. शेवटचं अक्षर घाईत असं काढलं होतं की दोन्ही वाटावं. दोन्ही शब्द यादीत आहेत. बदलून टाकल्यावर वॉलेट उघडलं. फ्रेजच्या शेवटच्या शब्दात पडताळणीचा भाग असतो म्हणून चूक पकडली गेली. पण १२ शब्दांच्या फ्रेजमध्ये चुकीचा शब्द सोळांत एकदा या चाळणीतून निसटू शकतो, आणि मग दुसरंच, रिकामं वॉलेट उघडतं. म्हणून नुसतं ‘उघडलं’ यावर थांबू नका, उघडलेल्या वॉलेटचा पहिला पत्ता आधीच्याशी जुळतो का तेही बघा.

मग पाठवणं. एक्स्चेंजवर पत्ता टाकताना तो तुमच्या संगणकाच्या पडद्यावरून न घेता हार्डवेअर वॉलेटच्या छोट्या पडद्यावर जो दिसतो त्याच्याशी जुळवा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे विषाणू असतात, आणि संगणकाच्या पडद्यावर भरवसा ठेवला की काय होतं ते बायबिटमध्ये दिसलंच. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका. चोर अशाच जुळणाऱ्या टोकांचा पत्ता तयार करतात, त्यावरून नगण्य रक्कम पाठवून तो तुमच्या इतिहासात बसवतात आणि तुम्ही तिथून कॉपी करायची वाट बघतात. मे २०२४ मध्ये एकाने असाच पत्ता उचलला आणि १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं, बिटकॉइनच्या भावाला बांधलेलं टोकन), जवळपास ७ कोटी डॉलर, चोराला पाठवले. चोराने नंतर बरीचशी रक्कम परत केली, पण असं घडतं ते फार क्वचित. इतिहासातून पत्ता कधी उचलू नका, आणि मधली अक्षरंही वाचा.

नेटवर्क, म्हणजे नाणी ज्या ब्लॉकचेनवरून जातात ती, दोन्हीकडे एकच आहे ना, हे पाहा. एक्स्चेंजकडे परत पाठवताना मेमो किंवा टॅग मागितला असेल तर तो विसरू नका: पत्ता हजारो ग्राहकांचा सामायिक असतो, टॅगवरूनच पैसे तुमचे हे कळतं. आधी छोटी रक्कम पाठवा. ती पोचली, दिसली, की मग मोठी. शुल्क दोनदा जातं, जाऊ दे.

हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. रक्कम थोडी असेल, कागद सांभाळायला धड जागा नसेल, किंवा हे वाचतानाच हात थरथरत असतील, तर दोन की लावलेलं आणि व्हाइटलिस्ट असलेलं चांगल्या एक्स्चेंजवरचं खातं तुमच्यासाठी जास्त सुरक्षित आहे. फक्त तिथे आपण देणेकऱ्यावर विसंबून आहोत हे जाणून विसंबा, आणि बुडाली तरी झेपेल तेवढीच रक्कम ठेवा.

तुमच्यामागे

बँक खात्याला वारसदार नोंदवता येतो, सीड फ्रेजला नाही. घरच्यांना निदान एवढं ठाऊक हवं की असं काही आहे, कुठल्या एक्स्चेंजवर किंवा उपकरणावर आहे आणि कागद कुठे सापडेल. शब्द सांगायची गरज नाही. एका पानावर साध्या भाषेत लिहून सीलबंद ठेवा, आणि त्यात ही ओळ नक्की असू द्या: हे शब्द कुठल्याही साइटवर किंवा फोनवर कोणालाही देऊ नका. पैसे शोधताना दुःखात असलेल्या माणसाला मदत करायला नको ते लोक लगेच हजर होतात.

या बोलण्याची सुरुवात करणं अवघड जातं, कारण घरात कोणीतरी ‘लबाडी आहे’ म्हणणारं असतंच. वाद घालत बसू नका. त्या माणसाचा संशय कामाचा आहे. त्यालाच कागदाची जागा माहीत असू द्या.

गडबड झालीच तर

पहिला तास महत्त्वाचा. अनोळखी लॉगिन किंवा पैसे काढल्याची सूचना दिसली की ॲपमधली खातं गोठवण्याची सोय वापरा. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग एक्स्चेंजचा. एपीआय की पुसा. फोनची रेंज अचानक गेली असेल तर दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला लगेच सांगा. सीड फ्रेज फुटल्याची शंका असेल तर जुनं वॉलेट दुरुस्त करत बसू नका, नवी फ्रेज तयार करून उरलेली नाणी तिकडे हलवा.

मग पुरावे: ट्रॅन्झॅक्शन आयडी, चोराचा पत्ता, वेळ, संदेशांचे स्क्रीनशॉट. ब्लॉकचेनवरचा व्यवहार मागे फिरवता येत नाही, पण तो सगळ्यांना दिसतो. चोराने नाणी दुसऱ्या एक्स्चेंजवर नेली तर ती तिथे गोठवली जाऊ शकतात, आणि त्यासाठी पोलिसांकडची लेखी तक्रार लागते. ती त्याच दिवशी करा.

तक्रार कुठे जाहीर केलीत तर काही तासांत ‘तुमची नाणी परत आणून देतो’ म्हणणारे संपर्क करतील. आगाऊ शुल्क मागतील किंवा वॉलेट जोडायला सांगतील. ही त्याच चोरीची दुसरी फेरी असते. उत्तर देऊ नका.

आणि एक्स्चेंजच बुडालं असेल, तर तुम्ही आता धनको आहात. शिलकेची आणि व्यवहारांची नोंद लगेच उतरवून घ्या, साइट कधीही बंद पडू शकते. दाव्याच्या सूचना नोंदवलेल्या ईमेलवर येतात, तेव्हा तो पत्ता वर्षानुवर्षं चालू ठेवा. माउंट गॉक्सच्या धनकोंना पहिली नाणी मिळू लागली ती जुलै २०२४ मध्ये, कंपनी बंद पडल्यानंतर दहा वर्षांनी.